बेतरावांचा एक बदल

बेतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, लहानपणी चिकटवलेलं. घरामागच्या तलावात सगळी पोरं धडपडत, नाकातोंडात पाणी जात पोहायला शिकत होती, आणि हे चिरंजीव काठावर पालथे पडून हवेत हातपाय मारायचा सराव करत होते. अख्खा उन्हाळाभर. "काय रे, उतरणार कधी?" दादाने विचारलं. "बेत पक्का झाला की." झालं! त्या दिवसापासून बेतराव. पोरं पोहून मोठी झाली, पोराबाळांची झाली. बेतराव अजून कोरडे आहेत.

मोठेपणी लोकांनी त्यांच्या या स्वभावाला सावधपणा म्हणायला सुरुवात केली आणि तिथेच घोटाळा झाला. ताकही फुंकून पिणारी माणसं जगात असतात, त्यांचं काही म्हणणं नाही, ती फुंकून का होईना पितात तरी. बेतराव नुसतेच फुंकत. कॉम्प्युटरच्या क्लासात एक मुलगी आवडली, तर तिला काय आणि कसं विचारायचं याची तालीम आरशासमोर इतकी लांबली की शेवटी तिनेच वैतागून विचारलं, "अहो, लग्नाचं काही मनात आहे का, की मी दुसरीकडे बघू?" तिच्या उतावळेपणामुळे यांचा संसार झाला. नाहीतर आरशालाच माळ घालायची बाकी राहिली होती.

असा माणूस नोकरीला कुठे लागावा? तर बॅकअप सांभाळायला. आणि तोही आवाजघरात.

आवाजघर म्हणजे एका जुन्या गिरणीच्या इमारतीतली संस्था. घशाच्या दुखण्यामुळे ज्यांचा आवाज ऑपरेशनने जाणार, अशी माणसं आधी इथे येतात. जाड गाद्या ठोकलेल्या एका खोलीत बसून ढीगभर वाक्यं वाचतात, आणि त्या रेकॉर्डिंगवरून त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार होतं. ऑपरेशननंतर माणूस टाइप करतो, यंत्र त्याच्या आवाजात बोलतं. रेकॉर्डिंगवाल्या बाई हे सगळं प्रेमाने करून घेत. आणि बाईंच्या कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक आवाजाची दुसरी प्रत रोज आपोआप बॅकअप सर्व्हरवर जाई. तो सर्व्हर जिन्याखालच्या थंडगार खोलीत ठेवलेला होता, आणि त्या खोलीची किल्ली बेतरावांच्या कमरेला. किल्ली एकच, पण जुडगा केवढा! बाकीच्या किल्ल्या कशाच्या, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सर्व्हरचा स्वभाव साधा. प्रत नीट झाली तर तो गप्प बसे. फसली तर मेलवर सूचना पाठवी: अमुक प्रत झाली नाही, कारण अमुक. घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच की ही सूचना जायची जुन्या साहेबांना. आणि जुने साहेब निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते, तिथे गुलाब लावत होते. त्यांची मेलपेटी बंद करायची राहिली होती. कोणामुळे राहिली म्हणाल, तर कोणामुळेच नाही. अशा गोष्टी आपल्या आपणच राहतात.

नव्या मॅडम आल्या आणि त्यांच्या हे लक्षात आलं. "सूचना तुमच्याकडे आल्या पाहिजेत," त्या बेतरावांना म्हणाल्या. "आणि हाताने सेटिंग बदलू नका, त्यात एखादी ओळ चुकली की सगळंच बंद पडतं. आपण ते नवं टूल घेतलंय ना, त्यातून करा. आधी चाचणी घ्या, काय बदलणार ते बघा. जुन्या सेटिंगची प्रत काढून ठेवा. मग खरं चालवा. आणि शेवटी मुद्दाम एक सूचना पाठवून तुमच्या फोनवर येते का पाहा. समजलं?"

समजलं? अहो, बेतरावांचे डोळे पाणावले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना तालीम करायचा हुकूम देत होतं.

ते टूल होतं मोठं गुणी. आपण एका फाइलीत फक्त लिहायचं की सर्व्हर असा असा असावा. सूचना जुन्या साहेबांना नको, बेतरावांना जावी, बस्स. मग टूल स्वतः जाऊन सर्व्हर बघतं आणि जेवढं वेगळं असेल तेवढंच बदलतं. चाचणीला लावलं तर हात काही लावत नाही, फक्त सांगतं की खरं चालवलंत तर एवढे बदल होतील. बेतरावांनी चाचणी लावली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: बदल १, चूक ०.

"वा!" बेतराव खुर्चीत मागे टेकले. चूक शून्य! अशी कबुली त्यांना बायकोने कधी दिली नव्हती.

खरं चालवायचं ते सोमवारवर गेलं, कारण आज शुक्रवार, आणि शुक्रवारी सर्व्हरला हात लावू नये असा त्यांचाच नियम. सोमवारी सकाळी वाटलं, मधल्या दोन दिवसांत काही बिघडलं तर नसेल? आणखी एकदा चाचणी. बदल १, चूक ०. मग चहा आला. मंगळवारी मॅडमनी जिन्यात गाठून विचारलं, "टूल चालवलंत का?" बेतराव म्हणाले, "चालवलं." आता यात खोटं काय आहे? टूल चालवलंच होतं. मॅडमना पडद्याचा फोटोही पाठवला, चूक शून्यवाला. मॅडमना दहा कामं. त्यांनी अंगठा वर केलेलं चित्र उलट पाठवलं आणि विषय मिटला.

मिटला म्हणजे मॅडमच्या बाजूने मिटला. बेतरावांनी त्याचा नित्यनेमच करून टाकला. रोज सकाळी यायचं, थंड खोलीचं दार उघडायचं, चाचणी लावायची, बदल १ चूक ० बघायचं आणि तृप्त मनाने दार लावायचं. काही आठवड्यांनी खरं चालवायचं राहिलंय हे त्यांच्या मनातून पुसूनच गेलं. त्यांना मनापासून वाटू लागलं की सूचना आपल्याकडेच येतात, आणि एकही येत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे. अहो, खरं चालवून झालं असतं तर दुसऱ्या दिवशी तिथे बदल शून्य यायला नको का? बदलायचं काही उरलंच नसतं! तो एक आकडा रोज सकाळी बोंबलून सांगत होता की बाबा रे, अजून झालेलं नाही. आणि बेतराव त्याच्याकडे बघून रोज समाधानाने मान डोलवत होते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वर ढेकरही.

आणि नेमका तेव्हाच दादाचा घसा धरला.

दादा घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. कांद्याची रास असो की फळांच्या पेट्या, दादा फळीवर उभा राहिला की बाजाराच्या या दाराने निघालेला आवाज त्या दाराने बाहेर पडून रस्ता ओलांडायचा. त्याच्या तोंडी शिव्याही फळांसारख्या, मोसमाप्रमाणे. गिऱ्हाइकांना त्याचा राग येत नसे, उलट दादाने नाव घेऊन एखादी शिवी दिली नाही तर माणसाला चुकल्यासारखं व्हायचं. धाकट्यासाठी मात्र एकच ठेवणीतला शब्द: गाढवा. आई गेली तेव्हा दादाने त्याला जवळ घेऊन म्हटलं होतं, "रडू नको, गाढवा, मी आहे ना." बेतरावांना नोकरी लागली तेव्हाही गाढवाच, आणि मुलगी झाली तेव्हाही.

डॉक्टरांनी घशातली गाठ पाहिली आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. दादा ऐकून घेऊन बाहेर आला आणि वहिनीला म्हणाला, "चला, तुझी इच्छा पूर्ण झाली." वहिनी हसली नाही. मग दादाही गप्प झाला. त्याचं गप्प बसणं घरात कोणी पाहिलेलं नव्हतं.

बेतरावांनी त्याला आवाजघरात आणलं. इतर बाबतीत बेत करत बसणारा हा माणूस या एका कामात मात्र धावला, हे कबूल केलं पाहिजे.

गाद्यांच्या खोलीत रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी दादापुढे वाक्यं ठेवली. "आज हवामान आल्हाददायक आहे." दादाने वाचलं आणि माइक बाजूला सारला. "बाई, हे वाक्य मी जन्मात कधी बोललो नाही, पुढेही बोलणार नाही. माझ्या कामाचं काही लिहा की."

"काका, आधी ही सगळी वाचा. मग तुमचे स्वतःचे शब्द घेऊ. घरच्यांना हाक मारता ते, रोजचं बोलता ते."

"शिव्या चालतील?"

बाईंनी काचेपलीकडे बसलेल्या बेतरावांकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. "चालतील."

मग जी मैफल रंगली! दादा रोज येई. घसा खरखरायचा, मधेच पाणी प्यायचा, पण यायचा. हवामान आल्हाददायक करून झालं की शेवटी आपला खजिना उघडायचा. बाजारातली पुकार दिली, वहिनीला मारायची हाक दिली. आणि 'गाढवा' हा शब्द एकट्याचा वेगळा घ्या म्हणाला. "बाई, हा एका जातीचा शब्द नाही. हे ऐका, हे रागातलं. हे लाडातलं. आणि हे जेवायला बोलावतानाचं, हे लांबवायचं असतं, कारण तो कधी पहिल्या हाकेला येत नाही." बाईंनी तिन्ही घेतले. काचेपलीकडे बेतराव रुमालात नाक शिंकरत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी दादाचा हात धरला. "दादा, काळजी करू नको. तुझा आवाज माझ्याकडे सुरक्षित आहे. एक प्रत बाईंकडे, एक माझ्याकडे."

"तुझ्याकडे?" दादाने कपाळाला हात लावला. "मग मेलो!"

दोघंही पोट धरून हसले. दादाच्या खऱ्या आवाजातलं हसू बेतरावांनी त्यानंतर फार वेळा ऐकलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टरांनी सगळी गाठ निघाल्याचं सांगितलं. दादा घरी आला, गळ्याला पट्टी, हातात पाटी. पाटीवर लिहायचा आणि कंटाळून अर्ध्यात पुसायचा. त्याच्या शिव्यांना पाटी पुरत नव्हती. यंत्र कधी येणार, हे एवढंच तो धाकट्याला परत परत लिहून विचारी. "आलंच," बेतराव सांगत. "बाईंनी कामाला घेतलंय."

आणि बाईंच्या कॉम्प्युटरची डिस्क गेली.

आधी करकर वाजली, मग गप्प झाली. दुरुस्तीवाल्याने ती उघडून बघितली आणि यातून आता काही निघणार नाही म्हणून मान हलवली. बाई जिना उतरून थंड खोलीच्या दाराशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बेतराव मात्र उठून उभे राहिले. या क्षणाचीच तर त्यांनी आयुष्यभर तालीम केली होती! "बाई, बसा," ते म्हणाले. "पाणी घ्या. बॅकअप आहे."

त्यांनी सर्व्हर उघडला. जुने आवाज होते, ओळीने. एक निवृत्त शिक्षिका, एक ट्रकवाले, एक कीर्तनं करणारे आजोबा. त्यापुढे काहीच नव्हतं. बेतरावांनी पुन्हा पाहिलं. नाव चुकलं असेल म्हणून शोधलं, तारखेने शोधलं. दादा सर्व्हरवर कुठेच नव्हता. दादा पहिल्यांदा गाद्यांच्या खोलीत शिरला, त्याच्या थोडं आधीच सर्व्हरवरची जागा संपली होती आणि त्या दिवसापासून एकही प्रत झालेली नव्हती.

"पण मला सूचना नाही आली!" बेतराव ओरडले. सवयीने त्यांचा हात टूलवर गेला. चाचणी लावली. बदल १, चूक ०.

आणि मग त्यांना तो एकचा आकडा दिसला. इतके दिवस बघत होते, दिसला आज. बाई काहीतरी विचारत होत्या, बेतरावांना ऐकू येईना.

मॅडमनी जुन्या साहेबांची मेलपेटी उघडवली. सर्व्हरने आपलं काम इमानाने केलं होतं. एकाखाली एक सूचना पडल्या होत्या, एकीसारखी दुसरी: प्रत झाली नाही, जागा संपली आहे. तिकडे साहेब गुलाबांना पाणी घालत होते. मॅडमनी आधी त्या सूचनांकडे पाहिलं, मग स्वतःच्या फोनमधल्या त्या अंगठ्याच्या चित्राकडे. रागवायला त्यांनाही तोंड उरलं नव्हतं. "आता तरी चालवा," एवढंच म्हणाल्या.

बेतरावांनी जुन्या सेटिंगची प्रत काढून ठेवली आणि टूल खरं चालवलं. शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. एवढ्यासाठी! मुद्दाम एक सूचना सोडली, खिशातला फोन टिंग वाजला. पुन्हा चाचणी लावली. बदल ०. वरातीमागून आलेलं घोडं एकदम देखणं होतं.

बाईंनी विचारलं, "घरात काकांचं काही असेल का? फोनवरचे निरोप?" दादाला निरोप ठेवायचा तिटकारा होता. फोन उचलला नाही तर तो उचलेपर्यंत करत राही. एखाददुसऱ्या लग्नाच्या व्हिडिओत गर्दीत त्याचं ओरडणं होतं, त्यावर ढोलताशा. त्यावरून यंत्र होणार नव्हतं.

संस्थेने तयार आवाजाचं यंत्र दिलं. तो आवाज कंपनीतून येतो. स्वच्छ, गोड, सगळ्यांना चालणारा, बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा.

ते यंत्र पोचवायला बाई गेल्या. बेतराव गेले नाहीत. ते आरशासमोर उभे होते. दादाला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, सर्व्हरपासून की साहेबांपासून? 'दादा, एक तांत्रिक अडचण आली.' छे. 'दादा, चूक माझी आहे, पण.' हा 'पण' काही निघेना. बायको दाराशी येऊन उभी राहिली. एरवी ती वैतागली असती. आज म्हणाली, "पुरे करा हो आता. जा. येईल ते बोला."

बेतराव गेले. वाटेत वाक्य पक्कं केलं, दाराशी पोचेपर्यंत विसरले. वहिनीने दार उघडलं. "या भावोजी," म्हणाली आणि त्यांच्याकडे न बघता आत गेली. बाईंनी सगळं सांगितलेलं होतं, हे त्यांना तेवढ्यावरून कळलं.

दादा खिडकीशी बसला होता, मांडीवर यंत्र. बेतराव समोर उभे राहिले, आणि सगळी तालीम गळून पडली. "दादा, मी चालवलंच नाही रे," ते म्हणाले. "रोज नुसतं बघत बसलो. तुझा आवाज मी घालवला." आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले.

दादाचा चेहरा तांबडा झाला, मानेच्या शिरा फुगल्या. फळीवर उभा राहिला की जसा व्हायचा तसाच. त्याने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही, गळ्याच्या पट्टीमागून नुसती हवा निघाली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. जे काय होतं ते सगळं त्याने तसंच बिनआवाजी देऊन टाकलं, मुठी आपटत, डोळ्यांतून पाणी काढत. बेतरावांनी खाली मान घालून एकूण एक घेतलं. मग दादा दमला. यंत्र जवळ ओढून एका बोटाने काहीतरी टाइप करायला लागला.

स्वयंपाकघरात वहिनी ताटं मांडत होती.

यंत्र बोललं. स्वच्छ, गोड, कुठेही न लांबवता. "गाढवा, जेवायला चल."

बेतराव, जन्मात पहिल्यांदा, पहिल्या हाकेला उठले.